आमच्याकडे बयाद नाही

आमच्या तळ्यातला बयाद मासा संपत आला असं सरकारनं जाहीर केलं, त्या दिवशी आमच्या परसात ओल्या गोणपाटाखाली हातभर लांब बयाद पडला होता.

जाहीर केलं म्हणजे कागद आला. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी तो चिकटवला आणि शाळेतल्या मास्तरांनी मोठ्यानं वाचला. बुरुल्लुस तळ्याच्या दक्षिण काठाला बयाद धोक्यात आहे, सबब पुढचा हुकूम होईपर्यंत गळांच्या दोऱ्या टाकायला बंदी. मास्तर वाचत होते आणि पुरुष एकमेकांकडे न बघता चहा पीत होते, कारण प्रत्येकाच्या परसात एकेक गोणपाट होतं.

मी मास्तरांना म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तेच निघालं.

हे कुणामुळे झालं ते मी तिथल्या तिथे ओरडून सांगितलं असतं, पण आमच्या गावात तिचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. इथे घेते. वगीदा. आमची शेजारीण, भिंतीला भिंत.

वगीदाची नजर वाईट. हे मी एकटी म्हणत नाही, अख्खं कफ्र एल-हल्फा गाव म्हणतं. तिनं ज्याचं कौतुक केलं ते टिकलं नाही. गावातल्या रिझक कोळ्यानं नवी होडी बांधली, ही म्हणाली, काय देखणी आहे, आणि होडी पहिल्याच वाऱ्यात बांधावर आपटून फुटली. माझी म्हैस दारात बांधलेली असायची. तिच्या कासेकडे बघून मला म्हणाली, "सित्तुहुम, तू तर दुधाचा नळच बांधलास की दारात." यापुढे माशाअल्लाह म्हणायचं असतं. तेवढं म्हटलं की नजर लागत नाही, हे तान्ह्या पोरालाही कळतं. ती म्हणाली नाही. म्हैस त्याच आठवड्यात फुगून मेली. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलायचं टाकलं, आणि माझ्यामागून गावातल्या एकेक बाईनं टाकलं. पुढे तिचा नवरा गेला, मुलगा समुद्रापलीकडे इटलीला पळाला, तेव्हापासून ती एकटीच असते. असू दे. रस्त्यात समोर आली की आम्ही मान खाली घालतो, तिच्या नजरेला नजर देत नाही आणि नजर अडवायला काळ्या ओढणीआड हाताची पाच बोटं पसरून धरतो. पोरांना तिच्या दारावरून पळत जायला आम्हीच शिकवलंय.

आणि मासा तर झाकायचाच. आमच्यात कोळ्याला विचारावं, काय मिळालं आज, तर तो म्हणणार, काही नाही, अल्लाची कृपा. होडी काठोकाठ भरली असली तरी काही नाही. मिळालं म्हणून बोलून दाखवलं की उद्याचं हातचं जातं. माझ्या सासऱ्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही की त्याला कधी एक मासा तरी मिळाला, आणि त्यानं याच माशांवर सहा पोरं वाढवली. साध्या माणसासमोर ही गत, तर वगीदा आसपास असली की आम्ही "काही नाही" हेसुद्धा हळू आवाजात म्हणतो.

आता हे सगळं त्या डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार?

डॉक्टरीणबाई म्हणजे शाहिंदा. शहरातल्या विद्यापीठातून आल्या होत्या. माशांच्या डॉक्टर, पण औषध देणाऱ्या नव्हेत, मोजणाऱ्या. थंडी सरत आली होती तेव्हा त्या गावात उतरल्या आणि त्यांना राहायला खोली हवी होती. आमची घरं माणसांनी आणि कोंबड्यांनी भरलेली. मोकळी खोली गावात एकीकडेच होती. झालं, बाईंनी आपली पिशवी नेऊन वगीदाच्या घरात ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघी दारोदार फिरायला लागल्या. वगीदानं बाईंचा दंड असा घट्ट धरलेला की जणू पोरासाठी शहरातली सून केली आहे आणि गावाला मिरवून दाखवते आहे. मी भिंतीवरून पाहिलं आणि थुंकले.

आमच्या घरी आल्या तेव्हा माझा नवरा अब्दुलबर चटईवर गळांना धार लावत बसला होता. वगीदा आत आली नाही, दारातच चौकटीला हात लावून उभी राहिली. बाई चटईवर बसल्या, मी दिलेला चहा घेतला आणि शांतपणे समजावून सांगायला लागल्या. बयाद हा काही दुर्मिळ मासा नव्हे, म्हणाल्या. नाईलमध्ये आहे, चाडच्या तळ्यात आहे, पार तिकडे सेनेगलपर्यंत आहे. साऱ्या जगातल्या जनावरांची एक यादी असते, कोण तगलंय आणि कोण संपत चाललंय याची. त्यात बयादच्या नावापुढे 'चिंता नाही' असं लिहिलंय. पण जगात चिंता नाही म्हणून आपल्या तळ्यातही नाही असं होत नाही. इथला संपला तर सेनेगलचा काही इथे येणार नाही. म्हणून आता प्रत्येक तळ्याचा हिशेब वेगळा धरायचा. तेव्हा खरं सांगा, तुम्हाला बयाद किती मिळतो? पूर्वीपेक्षा कमी झालाय का?

बोलणं चांगलं होतं. माणूसही वाईट नव्हतं. पण दारात वगीदा उभी होती.

अब्दुलबरनं मान वर केली नाही. चटईला सांगितल्यासारखं म्हणाला, "बयाद? आमच्याकडे बयाद नाही, बाई. वडिलांच्या वेळी होता म्हणतात."

"वासही नाही," मी म्हटलं.

नेमकं तेव्हाच परसातल्या टोपलीत कुणीतरी शेपटी आपटली. बयाद लवकर मरत नाही, हा त्याचा दुर्गुण. मी मोठ्यानं खोकले आणि खोकत राहिले. बाईंनी पाणी पुढे केलं. त्यांचा चेहरा उतरला होता, घरात कुणी गेल्याचं कळावं तसा.  वगीदानं फक्त ओठ आवळले आणि बाई दारात आल्या तसा त्यांचा दंड पुन्हा पकडला.

घरोघरी हेच झालं. रिझकनं तर आईच्या कबरीची शपथ घेतली की चार वर्षांत बयादचं तोंड पाहिलं नाही. आई त्याची पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. शपथ ऐकून तिनं त्याला चप्पल फेकून मारली, पण बयाद नाही या बाबतीत तीसुद्धा काही बोलली नाही.

बाई सगळं लिहून घेऊन शहरात परतल्या, आणि मग तो कागद आला.

आता गळ म्हणजे माझ्या नवऱ्याला काय आहे, ते सांगते. त्याला जाळं येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही, पिढ्यानपिढ्या दोरीचेच लोक आम्ही. बोरूच्या बेटांमधून कुठे गोडं पाणी आत शिरतं, कुठल्या चिखलावर बयाद चरतो, हे तो होडीत डोळे मिटून सांगतो. जमिनीवर मात्र त्याला साधं दार नीट लावता येत नाही. बंदी लागली तशी त्यानं दोरी धुतली, वाळवली, गुंडाळली आणि खुंटीला टांगली. तीन दिवस तिच्याकडे पाठ करून बसला. चौथ्या दिवशी हाज मितवल्लीचा मुकादम दारात आला. मितवल्लीनं तळ्याचा अर्धा काठ बांध घालून गिळलाय आणि त्यात मासे पोसायची डबकी केली आहेत. तिथे सकाळ-संध्याकाळ गोळ्यांची पोती उलटी करायला माणसं हवी होती. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे माशांना दाणे टाकायचे. मुकादम म्हणाला, हाजना अब्दुलबरबद्दल फार आदर आहे, म्हणून त्याला आधी विचारतोय. मी त्याला आदरासकट हाकलला. पण अब्दुलबर मला म्हणाला, "विचार करावा लागेल, सादची आई." तो असं म्हणाला तेव्हा मला भीती वाटली. या माणसानं जन्मात कधी विचार करावा लागेल असं म्हटलेलं नव्हतं.

पुरुष मंडळी शहरात डॉक्टरीणबाईंकडे गेली. बयाद आहे, म्हणाली, रगड आहे. बाईंनी विचारलं, मग मला नाही का म्हणालात? सगळे बुटांकडे बघत बसले. शिकलेल्या बाईला काय सांगणार, शेजारणीची नजर लागते म्हणून? रिझक म्हणाला, विसरलो होतो. बाई म्हणाल्या, बंदी आली आणि बरं आठवलं. पण माणूस भला. त्यांनी वरती खटपट करून एका दिवसाची मुभा आणली. एका संध्याकाळी दोऱ्या टाकायच्या, सकाळी काढायच्या आणि मासा धक्क्यावर उघडा ओतायचा, सगळ्यांसमोर काट्यावर ठेवायचा. बाई स्वतः बघणार, मासळी खात्याचा साहेब बघणार. म्हणता तसा मासा निघाला तर बंदी उठेल. नाही निघाला तर पुन्हा यायचं नाही.

उघडा ओतायचा, आणि तोही मोठ्यानं मोजून. 

आमच्या घरी गावाची बैठक झाली आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. तुझी शेजारीण आहे, तूच तिला त्या सकाळी धक्क्यापासून लांब ठेव. मी म्हटलं, मी तिच्याशी बोलत नाही. रिझक म्हणाला, कोण बोलतंय तिच्याशी? पण भिंत तुझी आहे. अब्दुलबर खुंटीवरच्या दोरीकडे बघत होता. म्हणून गेले.

दार उघडंच होतं. वगीदा ओट्यावर ताट घेऊन मसूर निवडत बसली होती. मी नेहमीप्रमाणे मान खाली घातली, त्यामुळे मला तिचं ताट तेवढं दिसत होतं. निवडलेल्या ढिगात खडे तसेच होते. म्हातारपणी आळशी झाली आहे, म्हटलं.

"कोण?" ती म्हणाली.

मी तिच्या पुढ्यात उभी आणि ती विचारते कोण. इतक्या वर्षांनी उंबऱ्यात आलेल्या बाईला ओळख न देण्याचा हा तिचा ताठा.

"सित्तुहुम," मी म्हटलं.

"म्हैस परत मागायला आलीस?"

मी राग गिळला आणि निरोप सांगितला. गुरुवारी सकाळी धक्क्यावर येऊ नकोस, बाल्तीमला बहिणीकडे जा, रिझक गाडीनं सोडेल आणि आणेल. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, तुला ठाऊक आहे.

"मला ठाऊक आहे. पण तुझ्या तोंडून ऐकू दे. पाठीमागे सगळं गाव बोलतं, एकीनं तरी तोंडावर बोलावं."

"तुझी नजर वाईट आहे. झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली आणि मसूर निवडत राहिली.

मग मात्र माझा तोल गेला. मी तिला म्हटलं, त्या डॉक्टरणीला घेऊन दारोदार कशाला मिरवलीस? तू दारात उभी असताना कुणी खरं बोलणार नाही, एवढं तुला कळत नव्हतं?

"कळत होतं म्हणूनच उभी राहिले. मी तुमचा एक शब्द बदलला नाही, सित्तुहुम. तुम्ही म्हणालात नाही, मी म्हटलं, नाही तर नाही. बयाद तळला की साऱ्या गल्लीला वास जातो. मला नाक नाही? त्या बाईला मी एका शब्दानं सांगू शकले असते. का सांगू? या घरात त्यातला एक तुकडा आला कधी?"

"माझा नवरा मितवल्लीच्या डबक्यावर पोती वाहील. हेच हवंय तुला?"

"माझा नवरा मेला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाला मी अंगणभर चटया अंथरल्या होत्या. कुराण वाचणारा आला, तो परगावचा होता म्हणून. बाकी चटया मी जशा अंथरल्या तशा गुंडाळल्या. तुझा नवरा पोती वाहील, जिवंत तरी असेल."

यावर मी जास्तच चिडले. ती म्हणाली, तिच्या नवऱ्याची होडी धक्क्यावर पालथी पडलेली आहे, गुरुवारी ती येऊन तिच्यावर बसणार, कुणाच्या बापाची जागा नाही. मी निघताना ओढणीबिढणी सोडून दिली आणि उजव्या हाताची पाचही बोटं उघड उघड तिच्या तोंडासमोर पसरली. माणूस निदान मान तरी मागे घेतो. ती जागची हलली नाही.

गुरुवारी सकाळी होड्या लागल्या. तळ्यानं त्या दिवशी हात आखडता घेतला नव्हता. होड्या पाण्यात किती खोल बसल्या आहेत हे बघूनच बायकांना कळलं. पण प्रत्येक टोपलीवर गोणपाट, आणि गोणपाटावर माणूस बसलेला. होड्यांच्या नाळेवरचे, नजर न लागण्यासाठीचे निळे मणी सगळ्यांनी आदल्या दिवशी नवे बांधले होते. धक्क्यावर काटा मांडला होता. त्याच्याजवळ डॉक्टरीणबाई, खात्याचा साहेब आणि त्याची गाडी. चहाच्या टपरीवर मितवल्लीचा मुकादम पाय पसरून बसला होता, सकाळीच, जणू त्याला दुसरं कामच नव्हतं.

आणि पालथ्या होडीवर वगीदा. हात मांडीवर, तोंड सरळ टोपल्यांकडे.

बाई म्हणाल्या, चला, आणा. कुणी उठलं नाही. हा म्हणाला आधी तो, तो म्हणाला आधी हा. कुणी होडीतलं पाणी उपसायला लागला, कुणी उगाच दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली. साहेब कंटाळला. टोपल्यांकडे येऊन त्यानं रिझकलाच विचारलं, काय मिळालं?

रिझक टोपलीवर बसलेला. खालून मासे धडका देत होते, त्याचं बूड हलताना आम्हाला दिसत होतं. आणि तो गाढव काय म्हणावा?

"काही नाही साहेब, अल्लाची कृपा."

जन्मभराची सवय. तोंडातून निघालं आणि त्याचं त्यालाच कळलं, पण परत कसं घेणार? साहेब बाईंकडे वळून म्हणाला, ऐकलंत? माझा दिवस का खाल्लात? आणि गाडीकडे चालायला लागला. बाई आमच्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अब्दुलबरचे दोन्ही हात आमच्या गोणपाटावर होते. ते गोणपाट उचलत नव्हते आणि सोडतही नव्हते. मुकादमानं दुसरा चहा मागवला.

तो दुसरा चहा मला सहन झाला नाही.

मी अब्दुलबरला ढकललं आणि गोणपाट ओढून पाण्यात फेकलं. टोपलीतला सगळ्यात मोठा बयाद कल्ल्यात बोटं घालून उचलला. त्याच्या परांचा काटा माझ्या तळहातात घुसला, तो तसाच राहू दिला. मासा धरून मी सरळ वगीदासमोर गेले. मागून बायका म्हणत होत्या, नको, सित्तुहुम, नको. मला कसली नजर आणि कसलं काय. डबक्यावर पोती वाहण्यापेक्षा अजून वाईट नजर ती काय लागणार होती?

"घे, बघ," मी म्हटलं. "पोटभर बघ. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बघ, आणि काय लावायची ती नजर एकदाच लाव."

बोलता बोलता, म्हैस मेल्यापासून पहिल्यांदा, मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

दोन्ही डोळे पांढरे होते. शिजलेल्या माशाचे असतात तसे. माझ्याकडे वळलेले होते, पण माझ्या तोंडाकडे नव्हते, खांद्याच्या थोडे वर कुठेतरी.

तिनं हात पुढे केले. चाचपत माशाच्या मिशा तिच्या हाताला लागल्या, मग डोकं, मग पाठ. शेपटीपर्यंत हात गेला तशी ती थांबली.

"हाच?" ती म्हणाली. "एवढाच? एवढ्याशा माशासाठी मला दारं लावलीत?"

 डॉक्टरीणबाई धावत आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांकडे. त्यांना वाटत होतं आम्हाला माहीत आहे. मोतीबिंदू आहे, म्हणाल्या, दोन हिवाळे झाले तिला दिसत नाही. मीच तर तिला हाताला धरून फिरवत होते. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कसं येणार? लक्षात यायला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

मी वगीदाला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? भिंतीला?" तिनं माशानं बुळबुळीत झालेले हात ओढणीला पुसले. "आणि सांगून माझं काय राहिलं असतं? तुम्ही भीत होतात. मी आले की पावलं थांबायची, पोरं पळायची. मला कळायचं, इथे रस्ता आहे, इथे माणसं आहेत. तेवढंच उरलं होतं, ते आज तू घेतलंस."

मागे गोणपाटं उडायला लागली होती. पहिलं रिझकनं फेकलं, मग सगळ्यांनी. साहेब गाडीतून परत उतरला. काटा वरखाली होत होता आणि आमची माणसं, ज्यांनी आयुष्यात कधी माशाचं वजन मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, ती ओरडून ओरडून वजनं सांगत होती. बाई लिहून घेत होत्या आणि हसत होत्या. अब्दुलबर आमची टोपली काट्याकडे ओढत नेताना रडत होता, आणि मुकादम चहा अर्धा टाकून निघून गेला. हे सगळं बघायला मी वळायला हवं होतं. मला वळता येईना. हातातून रक्त गळत होतं आणि तो बयाद आम्हा दोघींच्या मध्ये अजून शेपटी हलवत होता.

बंदी उठली. नवा कागद आला, त्याच टपरीवर चिकटवला. आमच्या काठाला बयाद आहे, पुरेसा आहे, चिंता नाही. मास्तरांनी तो एकदाच वाचला आणि पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. दोरी खुंटीवरून उतरली. आमच्या घरात बयाद शिजतो आणि आता आम्ही खिडकी लावत नाही.

वगीदाला मी माफ केलेलं नाही. माझ्या नवऱ्याला तिनं डबक्यापर्यंत ढकलला होता, आणि तेही समजून उमजून. म्हैसही मेलीच होती. तेव्हा तिचे डोळे चांगले होते. मी बयादचे तुकडे एकदा तिच्या ओट्यावर नेऊन ठेवले, तर तिनं ताट भिंतीवरून आमच्या अंगणात परत टाकलं. कोंबड्यांनी खाल्ले.

पण गावाचं जे चाललंय ते मला बघवत नाही. आता तिला दिसत नाही हे साऱ्यांना ठाऊक झालंय. कुणी मान खाली घालत नाही, कुणी बोटं पसरत नाही. पोरं तिच्या दारात विटीदांडूसारखा खेळ मांडतात आणि ती बाहेर आली तरी हलत नाहीत. बायका गप्पा मारत तिच्या पुढ्यातून जातात, ती तिथे नाहीच अशा. मला वाटलं होतं, भीती गेली की कुणीतरी आत जाईल. कुणी गेलं नाही. पूर्वी निदान घाबरायला तरी लोकांना तिची आठवण व्हायची. आता गावाला तिची कसलीच चिंता नाही.

म्हणून मी एक करते. तिच्या दारावरून जायचं झालं की मी चपला मुद्दाम आपटते, "अल्ला वाचव" म्हणते, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि पळत सुटते. माझं वय आता पळायचं नाही. गुडघे दुखतात, ओढणी सुटते, आणि पोरं मला हसतात.

आतून तिचा आवाज येतो.

"पळ, सित्तुहुम, पळ. मी बघते आहे."